काडतुसांची पेटी आणि राष्ट्राची दक्षता

पावसाळ्यात माहुलीच्या सुळक्यांवर ढग उतरले की शहापूर तालुक्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. मुरबाडकडे माळशेजच्या पायथ्याशीही तीच अवस्था असते. याच प्रदेशातून मुंबईची तहान भागते. तानसा जलाशय १८९२ पासून महानगराला पाणी देत आहे, तर भातसा आज त्याची जवळपास निम्मी गरज पुरवतो. कसारा घाटातून मध्य रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग उत्तरेकडे जातात. नकाशावर हा डोंगराळ, वनवासीबहुल भाग उपेक्षित दिसतो. परंतु शत्रूच्या दृष्टीने पाहिले तर महानगराची नाडी येथेच हाताला लागते. अशा स्थळी भर पावसात पहारा देणाऱ्या शिपायाची रायफल प्रसंगी खात्रीने चालेल काय, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी एका लहानशा पेटीत दडलेले असते. तिला सारे जण ‘मॅगझिन’ म्हणतात. पत्र्याचे वा प्लास्टिकचे कवच, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसे वर ढकलणारी पट्टी आणि तोंडाशी काडतूस नेमक्या कोनात धरणारे दोन मुडपलेले काठ, एवढाच तिचा संसार! पण यातील काठ केसभर वाकला, स्प्रिंगला गंज चढला किंवा आत चिखल शिरला की काडतूस चेंबरमध्ये जाण्याऐवजी कडेला अडते आणि उत्तमातील उत्तम रायफल काठीइतकीच उपयोगी उरते.

परकीयांनी काढून घेतलेली पेटी

या पेटीचे मोल परकीय राज्यकर्त्यांनी नेमके ओळखले होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यांनी हिंदी प्रजेला निःशस्त्र केले. पोलिसांच्या हाती शस्त्र देणे भागच होते. तेथे त्यांनी वेगळी युक्ती योजली. इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली बदलून .४१० च्या मस्केट करण्यात आल्या. त्यांत मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला जाई. एका वेळी एक काडतूस भरायचे, उडवायचे आणि पुन्हा दुसरे भरायचे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या शस्त्रातून मॅगझिन काढून घ्यायचे, हा त्यामागचा हिशेब होता.

त्याच राजवटीत मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. निःशस्त्र करून ठेवलेल्या समाजातील तरुणांनी सशस्त्र सत्तेला दिलेले ते आव्हान होते. स्वराज्यातील पहारेकऱ्याला त्या काळासारखे अर्धे शस्त्र देऊन चालणार नाही, हा त्या बलिदानाचाही बोध आहे.

रणभूमीने दिलेले धडे

थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबून ती भरता येतात. मात्र या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. घाईत वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पुढे सरकत नाहीत. शांतपणे भरणाऱ्या हाताला हे टाळता येते; थरथरत्या हाताला ते कठीण जाते. शिवाय प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अशाच रायफली एके-४७ समोर उभ्या होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर केवळ लाठी होती. त्यांच्या शौर्यापुढे राष्ट्र नतमस्तक झाले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झाले. पण शौर्याने साधनांची उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा किती काळ करायची? उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी!

एके-४७ चे यश पुष्कळ अंशी तिच्या मॅगझिनमध्ये आहे. तिचे काडतूस पुढे निमुळते होत जाते, त्यामुळे चेंबरमध्ये सहज शिरते आणि सहज बाहेर येते. तशी तीस काडतुसे एकावर एक रचली की आपोआप वक्र आकार होतो, म्हणून मॅगझिनही वक्र. पुढची कड अडकवून मागे ओढले की खटका बसतो. हे काम संपूर्ण पंजाच्या जोराने होते. बोटांच्या नाजूक हालचालींची गरज नाही. भयाच्या क्षणी पहिल्यांदा हरपते ते बोटांचे कौशल्यच. उणीव तिच्यातही आहे. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे थांबून राहत नाही. चाप ओढल्यावर नुसता आवाज होतो, तेव्हा मॅगझिन रिकामे झाल्याचे कळते.

किती काडतुसे उरली हे सैनिकाला दिसावे, ही इच्छा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या शोशा या मशीनगनच्या मॅगझिनची एक बाजू त्यासाठी उघडी ठेवली होती. खंदकांतील चिखल नेमका तेथूनच आत गेला आणि ती तोफखान्याच्या गर्जनेत मुकी होऊ लागली. आपल्या ‘इन्सास’ रायफलीला त्याच हेतूने अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन दिले गेले. कल्पना चांगली होती. परंतु १९९९ मध्ये कारगिलच्या कडाक्याच्या थंडीत ही मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. हेतू शुद्ध असला तरी ज्या भूमीवर लढायचे त्या भूमीची परीक्षा आधी द्यावी लागते, हा त्याचा धडा आहे.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांत वीस काडतुसांच्या मॅगझिनमध्ये अठराच भरण्याची रीत पडली होती. स्प्रिंगवर ताण कमी येतो, अशी त्यांची धारणा. वस्तुतः चांगली स्प्रिंग केवळ दबून राहिल्याने थकत नाही. ती थकते वारंवार भरण्या-रिकामी करण्याने आणि खराब होते गंजाने. शहापूर-मुरबाडच्या पावसात हा मुद्दा ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

आठव्या दिवसाची शिस्त

ही शिस्त आपल्याला परकीयांकडून शिकण्याचे कारण नाही. माहुलीचा गड १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी स्वराज्यात परत आणला. अशा गडांचा कारभार कसा चालावा, हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवले आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. दर आठ दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण आदी सामग्री बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर लावून ठेवावी, असा त्यातील दंडक आहे. सह्याद्रीचा दमटपणा जाणणाऱ्या राज्यकर्त्यांची ही दृष्टी होती. शस्त्र दिले की कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही.

आज सैन्यासाठी अमेठीनजीक कोरवा येथे एके-२०३ बनत आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि सैन्याला नवे शस्त्र मिळाले तरी जिल्ह्यातील शिपायाच्या हाती बराच काळ जुनेच राहते, हा आजवरचा अनुभव आहे. म्हणून नव्या रायफलीची वाट न पाहता काही गोष्टी तत्काळ करता येतील. मॅगझिनला झिजणारी वस्तू मानावे. प्रत्येकावर क्रमांक घालावा. जे एकदा अडले त्यावर खूण करावी, दुसऱ्यांदा अडले तर ते मोडीत काढावे, शस्त्रागारात परत ठेवू नये. पावसाळ्यात ती आठवड्याला उघडून कोरडी करावीत. गोळीबाराचा सराव पहाऱ्यावरच्याच मॅगझिननी, रेनकोट घालून, धावून दमल्यावर आणि अंधारात व्हावा. नव्या रचनेची परीक्षा हिमालयाच्या थंडीत होते, तशी कोकणच्या पावसातही व्हावी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. अंबरनाथची आयुध निर्माणी तर ठाणे जिल्ह्यातच आहे. एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला एक निर्दोष पेटी घडवणे आणि जपणे अशक्य नाही.

या सर्वांचा खर्च रायफलीच्या मानाने नगण्य आहे. हवी आहे ती इच्छाशक्ती आणि नित्याची दक्षता. भातसाच्या काठी रात्रभर भिजत उभा राहणारा शिपाई मुंबईतील कोट्यवधी लोकांच्या पाण्याची राखण करतो. त्याच्या कमरेची काडतुसांची पेटी कोरडी आणि निर्दोष ठेवणे, हे शासनाचे त्याच्याप्रती असलेले पहिले कर्तव्य आहे. ते पार पडते आहे काय, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे आणि समाजाने त्यांना विचारायला लावावे.