तहकूब सभा

पानठेल्यावर बसलो की मी रोज राज्य चालवतो. दिल्लीत काय चुकलं, मुंबईत कोणी कोणाला फोडलं, सगळं आम्हाला तोंडपाठ. आमच्या आंधळगावातला माणूस बोलायला लागला की भलेभले पुढारी अडाणी ठरतात. अन् ग्रामसभेची दवंडी झाली की तोच म्हणतो, "मले टाइम नाही भाऊ, रोवणी चालू आहे."

कायदा काय सांगतो? गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी, तेवढी माणसं हजर पाहिजेत. नसतील तर सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नाही. दहा डोकी बसली तरी ठराव पास. मग आपण बोंबलतो, "आमाले इचारलं नाही!"

मीही बोंबललो आहे. एका वर्षी माझ्या बांदीजवळची नाली कामाच्या यादीत आली नाही. महिनाभर शिव्या दिल्या. शेवटी शेजारच्या कोसा विणणाऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, "भाऊ, सभेच्या दिवशी तुमी कुठी होते?" मी घरी झोपलो होतो. रोवणीचं कारणही नव्हतं.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावावर कडक टीका केली होती. गाव म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान, असं त्यांचं मत. तुकडोजी महाराजांनी मात्र गावावर भरवसा ठेवून ग्रामगीता लिहिली. बाबासाहेब १९५४ मध्ये आमच्याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि इथं हरले. घटना लिहिणाऱ्या माणसाला आम्ही घरी पाठवलं. पुढं १९९३ मध्ये घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. म्हणजे गावाला एक संधी दिली गेली, की बाबासाहेबांचं म्हणणं खोटं करून दाखवा. आम्ही रिकाम्या सतरंज्या दाखवल्या.

कोणी म्हणेल, सगळं आधीच ठरलेलं असते, जाऊन काय उपयोग? असेलही. पण शंभर माणसांसमोर ठरलेलं वाचून दाखवायला हिंमत लागते, दहांसमोर लागत नाही. ज्याची रोजी बुडते त्याला मी दोष देत नाही. मोठ्या माणसासमोर ज्याची जीभ उचलत नाही, त्यालाही नाही. पण ज्याच्या घरी चार एकर धान आहे, ज्याला पानठेल्यावर दोन तास मिळतात, त्याला कोणती अडचण?

धानाच्या बोनसच्या यादीत नाव नसलं तर आपण दहा चकरा मारतो. लाभार्थी म्हणून नाव सुटलं की जीव जाते. गावकरी म्हणून नाव सुटलं, हजेरीवर सही नाही, त्याचं कोणालाच काही वाटत नाही.

येत्या १५ ऑगस्टला माझीही रोवणी उरली असेल. ती दुसऱ्या दिवशी करीन. सभेत त्या म्हातारीच्या बाजूला बसीन, अन् नालीचं विचारीन.