वैद्यकाचा व्यवसाय, निसर्गाचा छंद

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली की साऱ्या कुटुंबाला कृतार्थ वाटते. पुढे तोच डॉक्टर रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन खाडीकाठी जाऊ लागला, की वडीलधाऱ्यांच्या मनात शंका उभी राहते : एवढे शिक्षण घेऊन पाखरांमागे वेळ का दवडावा? शंका स्वाभाविक आहे. दुकान काय किंवा दवाखाना काय, दार बंद दिसले की गिऱ्हाईक आणि रुग्ण दोघेही दुसरीकडे वळतात. परंतु छंद जबाबदारीने जोपासला, तर त्याचे मोल केवळ मन रमण्यापुरते राहत नाही.

पुण्याचे डॉ. सतीश पांडे हे याचे ठळक उदाहरण होय. रेडिओलॉजी हे त्यांचे वैद्यकीय क्षेत्र. शरीराच्या आतील छायाचित्रातील बारीकशी छटा ओळखून निदान करावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. आणि पक्षी पाहणे, त्यांची छायाचित्रे घेणे व नोंदी ठेवणे, हा ध्यास. सलील तांबे, क्लेमंट फ्रान्सिस आणि निरंजन संत यांच्यासह त्यांनी पश्चिम घाट, कोकण व मलबारातील पक्ष्यांवर सिद्ध केलेला सचित्र इंग्रजी ग्रंथ 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकी न सोडता हे काम उभे राहिले, हे विशेष.

छायाचित्र कपाटात पडून राहिले तर ते एक सुंदर चित्र असते. त्याला दिनांक, स्थळ आणि निरीक्षण यांची जोड मिळाली की तो पुरावा ठरतो. डॉ. पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी केली. हा पक्षी किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच वापरतो. असे एक जुने झाड तुटले, तर लाकडाबरोबर एका जोडप्याचा संसारही जातो. व्यापाऱ्याला खतावणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. निसर्गाच्या जमाखर्चालाही अशीच नोंद लागते.

घुबडाची कथा तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. काही ठिकाणी घुबड लक्ष्मीचे वाहन मानले जाते, तर अनेक ठिकाणी अशुभ. या दोन्ही समजुतींचा शेवट पुष्कळदा त्याच्या मृत्यूत होतो. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली व मारली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा असूनही ही क्रूरता थांबलेली नाही. डॉ. पांडे यांनी शृंगी घुबडाच्या आहाराचाही अभ्यास केला. उंदीर-घुशी हे त्याचे मुख्य भक्ष्य असल्याने तो शेतकऱ्याचा साहाय्यक ठरतो, हे त्यातून पुढे आले. पुढे त्यांच्या इला फाउंडेशनने पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावात 2018 मध्ये घुबड महोत्सव भरविला. ज्या पक्ष्याचे नाव काढताच माणसे तोंड फिरवीत, त्याच्यासाठी मुलांनी उत्सव साजरा केला.

माहीम-केळव्याच्या किनाऱ्यावर असा छंद जोपासण्यासाठी दूर जावे लागत नाही. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात परदेशाहून आलेले पाणपक्षी चरताना दिसतात. नारळी-पोफळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत सायंकाळी पिंगळ्याचा आवाज येतो. दवाखाना उघडण्यापूर्वीचा एक तास आणि एक वही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

मात्र कॅमेरा हे निरुपद्रवी साधन आहे, असे गृहीत धरणे बरे नव्हे. घरटे स्पष्ट दिसावे म्हणून आडव्या फांद्या तोडल्या, की पिले ऊन आणि कावळे यांच्या तावडीत सापडतात. रात्री घुबडाच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकणे, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला वारंवार भुलविणे, घरट्याची जागा मोबाइलवरून सर्वांना कळविणे, हीही हिंसेचीच सूक्ष्म रूपे आहेत. रुग्णाला अपाय होऊ न देणे हा वैद्यकाचा पहिला धर्म. छायाचित्रकाराचाही तोच असावा. चांगले चित्र हुकले तर हुकू द्यावे, परंतु पक्ष्याला घरटे सोडून उडावयास लावू नये.

घरातील तरुण डॉक्टरला कॅमेरा भेट देणे आज अनेकांना सहज परवडते. त्याला आठवड्यातील एक सकाळ मोकळी देणे त्याहून कठीण असते. ती मिळाली, तर चित्रांसोबत त्याने लिहिलेली वहीही अधूनमधून उघडून पाहावी आणि घरातील लहानांना वाचून दाखवावी. येत्या दिवाळीपूर्वी त्यांना घुबडाची खरी ओळख झाली, तर तो एक चांगला आरंभ ठरेल.