सर्टिफिकेट फाइलला लागलं, पुढं काय?

शनिवारी गावी, शिरूर अनंतपाळला होतो. हायस्कुलात गणित शिकवणारा माझा मित्र संध्याकाळभर यू-डायस प्लसची माहिती भरत बसलेला. हेच का हो शिक्षकाचं संगणक-ज्ञान?

सरकारनं एमएस-सीआयटीसाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घातली. पास न झालेल्या कित्येक शिक्षकांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुल्या निघाल्या. पण पास झालेल्यांच्या वर्गात काय बदललं, हे कुणी विचारलं?

आमच्या धंद्यात प्रोग्राम नुसता कंपाइल झाला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. वापरणाऱ्याचं काम व्हावं लागतं. इथं वापरणारा म्हणजे नववीतला पोरगा. त्याला आलेख स्क्रीनवर बघून जास्त कळला का, एवढं तपासा. ते जमत नसेल तर सरळ कबूल करा, की आपल्याला मास्तर नको, डेटा एंट्री ऑपरेटर हवा होता!