कपाट, पोथी आणि पहिले वाचन

वडिलांच्या कपाटातील पुस्तके हा मराठी आत्मचरित्रांचा आणि लेखकांच्या मुलाखतींचा जणू ठरलेला आरंभ होऊन बसला आहे. विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या वडिलांचा लहानसा प्रकाशनव्यवसाय होता. तेंडुलकरांनी पहिली कथा सहाव्या वर्षी लिहिली. दिलीप चित्रे यांचा जन्म १९३८ साली बडोद्यास झाला. त्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे ‘अभिरुची’ हे मासिक चालवीत. उदाहरणे खरी आहेत. आक्षेप आहे तो त्यांवरून काढल्या जाणाऱ्या अनुमानावर. कपाट नसलेल्या घरात वाङ्मयीन संस्कार होत नाही, असे समीक्षा उघडपणे म्हणत नाही. पण ‘वाचनाची पार्श्वभूमी नसलेले घर’ हा शब्दप्रयोग ती सहज करून जाते.

जुन्नर तालुक्यातील आळे या गावाच्या संदर्भात हा शब्दप्रयोग तपासून पाहण्याजोगा आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी येथे आहे. चमत्काराची सत्यता हा साहित्याभ्यासाचा विषय नव्हे. मात्र ज्याला अधिकार नाही त्याच्या मुखी ग्रंथ येणे आणि अर्थाआधी उच्चार येणे, या दोन गोष्टी त्या कथेच्या गाभ्याशी आहेत. वारकरी घरातील मुलाचे पहिले वाचन यापेक्षा फारसे वेगळे नसते. (उपमा मुलांना रुचणार नाही, हे मान्य!) फडताळातील ज्ञानेश्वरी, श्रावणात निघणारा श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ यांतले काहीही मुलासाठी लिहिलेले नसते. वडीलधारे वाचतात, मूल शेजारी बसून ओवीची लय आधी आणि अक्षर नंतर ओळखते. न झेपणाऱ्या ग्रंथाशी लवकर पडलेली गाठ हेच तर वडिलांच्या कपाटाचेही खरे सामर्थ्य असते. बालसाहित्य निवडून दिले जाते. कपाट आणि पोथी निवडून दिलेली नसतात.

तरीही दोहोंना एकाच मापाने मोजणे भाबडेपणाचे ठरेल. कपाटापाशी मूल एकटे असते. नको म्हटलेले पुस्तकही ते गुपचूप काढू शकते. पोथी केव्हा सोडायची हे तिथी ठरविते, कोणी वाचायची हे घर ठरविते, आणि तो मान अनेकदा मुलींकडे येत नसे. कपाटाने दिलेले हे एकांताचे स्वातंत्र्य पोथीजवळ नव्हते. त्या बदल्यात तिने श्रोता दिला: पुढे कीर्तनात, तमाशात आणि ग्रामीण कथेच्या निवेदनात जो सतत समोर बसलेला जाणवतो, तो.

क्षेत्रीय अभ्यासाच्या प्रश्नावलीत ‘घरात कोणती पुस्तके होती?’ हा प्रश्न सहसा आरंभीच येतो. आळ्यासारख्या गावात त्याआधी विचारावे लागेल: घरात काय वाचले जाई, कोण वाची, आणि मूल त्या वेळी कोठे बसे?