गारठलेला हात हाही बिघाडच

डिसेंबर लागला की नागपूरहून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे निघणारे गिऱ्हाईक गाडी सर्व्हिसिंगला टाकते. ऑइल, चेन, टायर, हेडलाइट आपण नीट बघतो. हातांचा विषय मात्र निघत नाही. आणि ललितपूर मागे टाकून भल्या पहाटे झाशी गाठताना पहिला दगा देतात ते हातच.

देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन्ही कॉरिडॉर झाशीत एकमेकांना छेदतात. तिथली जानेवारीची पहाट धुक्याची असते, पारा कित्येकदा सात अंशांपर्यंत उतरतो. पण हा आकडा उभ्या माणसासाठी. ७ अंशांच्या हवेत ताशी ६० किलोमीटरने गाडी काढली, की उघड्या कातडीला साधारण १ अंशाचा गारठा झोंबतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१पासून वापरात असलेल्या सूत्राने काढलेला हा हिशेब आहे. शरीर आधी छातीपोटाची ऊब राखते आणि बोटांचा रक्तपुरवठा आखडता घेते. बोटे बधिर झाली की ब्रेकवर किती दाब पडला ते कळत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. मग ब्रेक शू कितीही नवे असोत!

म्हणून आमचे म्हणणे आहे, की हात हा ब्रेकचाच पहिला भाग धरा.

उत्तरेतल्या दूधवाल्यांनी यावर केव्हाच तोडगा काढला आहे: हँडलला बाहेरून रेक्झिनचे, आतून लोकरी अस्तराचे कव्हर. ऊब छान मिळते. पण ते बसवणारा जाणकार हवा. स्वस्त, लुळे कव्हर वाऱ्याने मागे दबते आणि लिव्हरवर टेकते. बसवल्यावर समोरून तळहाताने दाबून पाहा. मागचा ब्रेकलाइट लागला, तर ते कव्हर काढून टाका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कव्हर टाकीला अडता कामा नये. हात झटकन आत-बाहेर होतो का आणि अंगठा हॉर्नपर्यंत पोचतो का, हेही बघा.

हातमोजे वारा अडवणारे हवेत, घट्ट नकोत. आवळलेल्या मोज्यात रक्त फिरत नाही आणि सुती मोजा धुक्याने ओला होतो. जाड मोज्यातून लिव्हर लांब वाटते, तेव्हा जिथे सोय असेल तिथे ती जवळ घ्या. क्लच केबलला तेल द्या. जड क्लच बधिर हाताला आणखी थकवतो. गरम होणाऱ्या ग्रिप मागितल्या, तर आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासा. एप्रिल २०१७पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट सतत चालू असतो, आणि ग्रिपची जोडी जवळजवळ दुसऱ्या हेडलाइटइतका करंट खाते. छातीवर वारा अडवणारे जाकीट घ्यायलाही सांगा, कारण बोटांची ऊब तिथूनच येते.

या हिवाळ्यात जॉब कार्डावर एक ओळ वाढवू या: ‘हात’. आणि गाडी न्यायला येताना गिऱ्हाइकाला त्याचे मोजे घेऊन यायला सांगू या. ते घालूनच त्याने ट्रायल घ्यावी आणि त्याच मोज्यांतून ब्रेक दाबून दाखवावा. त्यानंतरच चावी त्याच्या हाती द्यावी.