पैसे मोजले ना!

हा दिवाळी अंक आपण घरी बसून वाचत असाल असे मी गृहीत धरीत नाही. पूर्वी दिवाळीला माणसे घरी येत; आता दिवाळीला माणसे घराबाहेर पडतात. लक्ष्मीपूजन उरकले, भाऊबीजेची ओवाळणी ताटात पडली, की दाराला कुलूप लागते आणि चकल्यांचा डबा मोटारीच्या डिकीत जातो. तेव्हा हा अंक आपण बहुधा एखाद्या घाटात, पुढची मोटार हलण्याची वाट पाहत उघडला असेल. तसे असेल तर उत्तमच झाले. मला नेमके आपल्याशीच भांडायचे आहे, आणि तूर्त आपल्याला कुठे पळूनही जाता येणार नाही.

सणासुदीला भांडू नये असे आमच्या घरी सांगत. पण माझे भांडण मूळात एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'पर्यटन उद्योग'. पूर्वी आपण यात्रेला जात होतो, सहलीला जात होतो, हवापालटाला जात होतो, आणि ह्यांतले काहीच न जमले तर मामाच्या गावाला जात होतो. ह्यांपैकी कशालाही कोणी उद्योग म्हटले नव्हते. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निघाले, १९९७ साली अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा 'पर्यटन जिल्हा' ठरला, आणि आता तर ज्या गावात एक धबधबा आणि एक वडापावची गाडी आहे त्या गावीही हा उद्योग पोचला आहे. पोचू द्या. शब्दाला माझी हरकत नाही. पण उद्योग म्हणायचे, तर उद्योगासारखा हिशेबही मांडा की! कापडगिरणी कापसाची किंमत देते. साखर कारखाना उसाची किंमत देतो. उशिरा देतो, पण देतो. ह्या उद्योगाचा कच्चा माल कोणता? डोंगर, सावली, शांतता आणि पाणी. त्याची किंमत कोण देतो? आणि कोणाला देतो? ह्या प्रश्नाला जोवर उत्तर नाही, तोवर मी त्याला नसता उद्योगच म्हणणार.

आपण लगेच म्हणाल, "अहो, आम्ही खोलीचे पैसे मोजतो, जेवणाचे मोजतो, घोड्याचे मोजतो. आणखी काय मोजायचे?" अगदी हेच वाक्य मी दहा वर्षांचा असताना म्हटले होते. त्याची हकीकत सांगतो.

१९६६ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माथेरानला गेलो होतो. वडील, आई, मी आणि आमची आत्या. आत्याचे गुडघे दुखत आणि देहही भारदस्त. तिला पॅनोरमा पॉइंट पाहायचा होता, म्हणून वडिलांनी हातरिक्षा ठरवली. एक माणूस पुढून ओढणारा, दोघे मागून रेटणारे. जांभ्याची ती तांबडी वाट, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी. वाटेत चढ लागला. पुढच्या माणसाचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजू लागला. आत्याने थोडा वेळ ऐकले आणि एकदम म्हणाली, "थांबव रे बाबा. उतरते मी." आणि ती उतरून काठी टेकीत चालू लागली. रिक्षा रिकामी झालेली पाहताच मी टुणकन उडी मारून तिच्यात बसलो. आत्या म्हणाली, "उतर खाली." मी म्हणालो, "का? पैसे मोजले ना आपण?"

आत्या वाटेतच उभी राहिली. म्हणाली, "पैसे चाकांचे मोजलेत रे. त्याच्या छातीचे नाही मोजले."

मी उतरलो. लाजेने नव्हे, आत्याच्या भीतीने. लाज वाटायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

माथेरानचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण सगळ्या महाराष्ट्रात हे एकच गाव असे आहे, की ज्याने मोटारीला वेशीवर थांबवून दाखवले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब हा डोंगर चढले आणि त्यांनी माथेरानचा 'शोध' लावला, असे पुस्तकात लिहितात. जणू पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांना आपल्या डोक्यावर काय आहे ते ठाऊकच नव्हते! असो. १९०७ साली आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची छोटी गाडी वर नेली. पण मोटार मात्र दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. चालत जा, घोड्यावर जा, नाहीतर अमन लॉजहून छोटी गाडी धरा. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून जाहीर केला आणि ह्या बंदीला कायद्याचे बळ आले.

आता ज्यांना ह्या उद्योगाची भरभराट हवी आहे, त्यांच्या दृष्टीने ही केवढी गैरसोय! सामान उचला, चाला, धूळ खा. मी म्हणतो, त्या गैरसोयीनेच माथेरान राखले. शेजारच्या कितीतरी थंड हवेच्या गावांत सोय पोचली, आणि सोयीच्या पाठोपाठ हवा गरम झाली. माथेरानला आजही पहाटे शेकरू ओरडलेले ऐकू येते, ते कोणाच्या कृपेने? मोटारीचा भोंगा तिथे नाही, त्याच्या कृपेने.

पण गैरसोयीची ही स्तुती इथेच थांबवली, तर मी आत्याशी बेइमान होईन. कारण ती गैरसोय इतकी वर्षे आपण सोसली नाही. आपण पैसे मोजून ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकली. मोटार नको म्हणालो, आणि माणसाला मोटार केले. १९६६ साली मी जे पाहिले ते साठ वर्षांत बदलायला हवे होते. बदलले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, आणि ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा देऊन त्यांचे पोट चालू ठेवा. जे दिल्लीच्या न्यायमूर्तींना सांगावे लागले, ते आमच्या आत्याला एका चढावर कळले होते.

२०२३ च्या मे महिन्यात मी नातवाला घेऊन पुन्हा गेलो. दस्तुरीच्या अलीकडे मोटारींची रांग घाटात उतरत गेलेली. आमचे सामान एका बाईने डोक्यावर घेतले. तीही चालत होती, मीही चालत होतो. तेव्हा बोलणे निघाले. तिची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. रोज पहाटे चढून यायचे, संध्याकाळी उतरून जायचे. मी विचारले, "वाडीवर पाणी आहे का?" ती म्हणाली, "मे महिन्यात टँकर येतो. आला तर." मग थोडे थांबून म्हणाली, "आज आला असंल, तर पोरगी भरून ठेवंल."

आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलाचे नाव मी सांगत नाही. सांगून काय उपयोग, तसली बरीच आहेत. त्याच्या आवारात पोहण्याचा तलाव होता. नातू दिवसभर त्यात डुंबत होता आणि मी काठावर बसून हिशेब करीत होतो. वर शार्लोट तलाव आहे. तो पुरत नाही म्हणून खालून पाणी डोंगरावर चढवावे लागते. छोट्या गाडीच्या एका स्टेशनाचे नावच मुळी 'वॉटर पाईप' आहे! म्हणजे पायथ्याकडचे पाणी पायथ्याच्या बाईला ओलांडून वर येते, माझ्या नातवाला डुंबवते, आणि ती बाई टँकर आला असेल का ह्या चिंतेत माझी बॅग डोक्यावर घेऊन चढ चढते. मी पैसे मोजले होते. तिचेही मोजले, हॉटेलाचेही मोजले. पाण्याचे मात्र मोजले नव्हते. आणि ते कोणाला मोजायचे, हेही मला कोणी सांगितले नव्हते.

२०११ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. एवढ्या गावाची गटारे, एवढ्या गावाचा कचरा, एवढ्या गावाचा दवाखाना. त्यावर सुट्टीच्या शनिवारी आपण जाऊन कोसळतो. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आनंदाने छापतात की 'पर्यटकांचा विक्रमी ओघ'. ओघ म्हणे! ओघाने काय होते ते आपण पाहिले आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या ओझ्याने कोसळला आणि चार माणसे गेली. पूल म्हातारा होता हे खरेच. पण म्हाताऱ्याच्या पाठीवर एवढ्यांनी चढावे का, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की "तुम्ही स्वतः जाऊन आलात, आता दार लावायला सांगता!" कबूल. म्हणूनच मी दार लावायला सांगत नाही. दाराशी माणसे मोजायला सांगतो. आणि त्या मोजणीत माझा नंबर लागला नाही, तर मी घरी बसून चिवडा खाईन. हे काही जगावेगळे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटी आणि कोडाईकनालला मे २०२४ पासून मोटारींना परवाना घ्यावा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून तर उटीकडे रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० मोटारी अशी मर्यादाच ठरवून दिली गेली. तमिळ माणसाला जे जमते ते मराठी माणसाला न जमायला आपली मोटार काय पुष्पक विमान आहे?

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा. "गर्दी रोखाल तर घोडेवाला, हमाल, चिक्कीवाला, चपलांचा दुकानदार ह्यांच्या पोटावर पाय येईल." ह्यांचे पोट ह्या डोंगरावर आहे, हे मला मान्य आहे. पण गर्दी आणि कमाई ह्या सख्ख्या बहिणी नव्हेत. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस घरचीच पुरी-भाजी खातो, पाण्याची बाटली तिथे टाकतो आणि मोबाइलवर डोंगराचे चित्र घेऊन जातो. तो चिक्कीही घेत नाही. उलट दोन रात्री राहणारा, पायी हिंडणारा, वाटाड्या घेणारा एक पाहुणा गावाला अशा दहांपेक्षा अधिक देतो. आणि पाणी आटले, वाटा खचल्या, झाडे वठली, तर घोडेवाला लोकांना काय दाखवणार? वाहनतळ?

तेव्हा माझी मागणी स्पष्ट शब्दांत लिहितो. ती माथेरानपुरती नाही. प्रत्येक डोंगराला, किनाऱ्याला आणि गडाला लागू आहे. जुलै २०२५ मध्ये शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ही निकड वाढलीच आहे. एक, पाणी आणि कचरा पाहून रोजची संख्या ठरवा, आणि ती सुट्टीच्या दिवशीही पाळा. दोन, पाहुण्याकडून जो कर घेता, त्याचा जमाखर्च वेशीवर फळा लावून लिहा. त्यातला पहिला रुपया पायथ्याच्या वाडीच्या नळाला. तीन, ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी वाहन हवेच. आत्याचे गुडघे मी विसरलेलो नाही. रायगडाला १९९६ साली रोपवे झाला तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांनी महाराजांची राजधानी डोळ्यांनी पाहिली, ह्याचा मला आनंदच आहे. पण ते वाहन विजेचे असावे, मोजके असावे, आणि ज्याने आजवर आपल्याला ओढले त्याच्याच हाती असावे. आणि चार, ज्याचे पाय धड आहेत त्याने चालावे. ह्याला कायदा लागत नाही.

एवढे सांगून मी भांडण मिटवतो. दिवाळी आहे. पुढची मोटार आता हलली असेल. माथेरानला निघाला असाल तर मोटार खालीच नेरळला ठेवा आणि छोट्या गाडीचे तिकीट मिळते का पाहा. नाहीच मिळाले, तर दस्तुरीपासून चालत जा. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्या. चकल्यांतल्या चार, सामान उचलणाऱ्या बाईच्या हातावर ठेवा. रिकामी बाटली परत आणा. हॉटेलात बादलीभर पाण्यात अंघोळ करा. आणि मुलाने विचारलेच, "का? आपण पैसे मोजले ना?", तर त्याला वाटेत उभे करून काय मोजले आणि काय मोजले नाही, ते नीट सांगा. आमच्या आत्याला त्याला दोन वाक्ये पुरली होती.