दार उघडेना, तेव्हा वही मिटा!

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. माझी धाकटी बहीण तिथे राहते, मेहुणे हजिऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. मागच्या दिवाळीनंतर चार दिवस तिच्याकडे होतो. शनिवारी रात्री जेवणे झाली, टेबल पुसून झाले आणि भाच्याने त्यावर कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र फासे मांडले. त्यातला एक तर वीस बाजूंचा! भाची होती, भाच्याचे दोन मित्र होते, एक गुजराती आणि एक उधन्याचा खानदेशी. मी कोपऱ्यात पेपर वाचत बसलो.

तासाभराने कडाक्याचे भांडण. भाचीच्या पात्राने एका दरोडेखोराला पकडले होते. तिला त्याला सोडून द्यायचे होते, म्हणजे त्याच्या मागोमाग टोळीच्या अड्ड्यावर जाता येईल. भाचा म्हणाला, तो सुटणार नाही. ती म्हणाली, मी मागचे दार उघडते. फासा टाकला, वीस आले. वीसच्या वर काही नसते! तरी भाचा म्हणतो, "दार उघडत नाही." का? तर पुढच्या प्रसंगात दरोडेखोर कैदेत असायला हवा, तसे त्याच्या वहीत लिहिलेले. चाळीस पानांची वही! भाचीने फासा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मग सगळ्यांचं तूच खेळ की!"

"मामा, तुम्ही सांगा, चूक कोणाची?"

मी सांगितले. आता तुम्हालाही सांगतो, कारण गोष्ट एका खेळापुरती नाही.

आधी खेळ थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. तो १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. ना पट, ना सोंगट्यांची सक्ती. एक जण 'मास्टर'. तो जग सांगतो: समोर दरी आहे, पलीकडे मशाली दिसतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन सांगतात, मी हे करतो, मी ते करते. जिथे शंका, तिथे फासा. थोडक्यात, संहितेशिवायचे नाटक. आणि पन्नास वर्षे या खेळात एकच वाद चालू आहे: गोष्ट कोणाची? मास्टरची की खेळणाऱ्यांची?

मास्टरची बाजू घेणारे म्हणतात, इतकी मेहनत त्याने केली, मोकळीक दिली की पोरे धिंगाणा घालतात, कोणीतरी लगाम धरायलाच हवा. ऐकायला पटते. पण हा खेळ जन्मला कसा ते बघा. १९६९ च्या सुमारास मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या गृहस्थाने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक प्रशियन गावाचा युद्धखेळ मांडला, 'ब्राउनस्टाइन'. सैन्ये गावावर येण्याआधी गावातल्या माणसांच्या भूमिका त्याने खेळाडूंना वाटल्या. झाले! लढाई राहिली बाजूला. लोक एकमेकांशी कुजबुजू लागले, कट करू लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच मागितले, ज्याचे नियमच नव्हते. वेस्लीला वाटले, आपला खेळ पार फसला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींत आर्नेसन होता आणि पुढचा सगळा डोलारा त्या 'फसलेल्या' रात्रीवर उभा राहिला. म्हणजे हा खेळ जन्मला तोच वहीबाहेर पाऊल टाकल्यामुळे. आणि आज वही दाखवून दार बंद करायचे?

आता आपल्या घरी येऊ. पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात वाढलेल्याला हे सगळे नवे वाटण्याचे कारणच नाही. जत्रेतला आपला धयकालो काय आहे? संहिता नाही. रंगपटात पेटाऱ्याची पूजा होते, मालक आज कुठले आख्यान ते सांगतो, राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण ते ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो. बस्स. पुढची सगळी रात्र नट स्वतःच्या तोंडचे बोलतो. समोरच्याने शास्त्रातला एखादा आडवा प्रश्न टाकला, तर उत्तर तिथल्या तिथे द्यायचे. ते आले नाही तर देवळासमोर बसलेली म्हातारीसुद्धा हसते. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, या कंपन्या पिढ्यान्पिढ्या अशाच उभ्या राहिल्या.

इथे कोणी मला अडवील. म्हणेल, "अहो, पण संकासुर शेवटी मरतोच ना? वेद चोरले, विष्णू येणार, मारणार. शेवट पुराणाने ठरवलेला. मग स्वातंत्र्य कसले?"

प्रश्न बरोबर आहे. संकासुर मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्या मरणाच्या आधी तो काय काय करतो! मालवणीत बोलतो, भटाची टर उडवतो, प्रेक्षकांतल्या एखाद्या मातब्बरालाही सोडत नाही. त्याने काय बोलावे हे मालक विंगेतून सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे, शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. मालकाच्या एकट्याच्या खिशात तो नसतो. पुराण नटाचे, मालकाचे आणि प्रेक्षकांचे सामाईक आहे. भाच्याची वही सामाईक नव्हती. फरक आहे तो इथे. शेवट ठरवायचाच असेल तर सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरवा, कोणाची तक्रार नाही. 'तुम्ही मोकळे आहात' असे सांगायचे आणि दार मात्र आतून लावून ठेवायचे, ही लबाडी आहे.

त्याहून वाईट एक प्रकार आहे. हुशार मास्टर दार बंद करत नाही. तो म्हणतो, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे. तुम्ही कुठेही गेलात तरी तोच राक्षस भेटतो, कारण तो तुमच्या पावलांमागून उचलून ठेवलेला असतो. 'खेळणाऱ्यांना कळले नाही ना? मग बिघडले काय?' असे याचे समर्थन करतात. बिघडले असे, की तुम्ही समोरच्याला मूर्ख ठरवलेत. उघड हुकूमशाहीशी निदान भांडता तरी येते.

मग लगाम नकोच का? हवा. मास्टर नसला तरी खेळता येते, २००९ च्या 'फियास्को'त मास्टरच नाही. पण मास्टर असेल तर त्याचे काम वेगळे आहे. १८२४ साली प्रशियात राइसवित्झने सेनाधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ लिहिला, त्यात पंच होता. दोन्ही बाजूंचे हुकूम त्याच्याकडे यायचे, परिणाम तो सांगायचा. १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हेर्न्वाने बरेचसे नियम आणि फासेही बाजूला सारून निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. केवढा हा अधिकार! पण हल्ला कुठून करायचा हे पंच सांगत नसे. परिणाम त्याच्या हाती, निर्णय खेळणाऱ्याच्या. माझी रेघ हीच आहे. भाचीने दरोडेखोर सोडला, तर तो अड्ड्यावर जाऊन टोळी सावध करील, गावकरी तिच्यावर चिडतील. जरूर चिडू देत! मोकळीक म्हणजे फुकटची मौज नव्हे. पण तिला सोडू तर द्या. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने तर मास्टरलाच नियम घातला की गोष्ट आधी ठरवून यायचे नाही.

आमच्या धयकाल्यातला पखवाजवाला बघा. सगळा ताल त्याच्या हातात, पण डोळे नटाच्या पायांवर. मास्टरने तिथे बसावे.

हे एवढे चिडून का लिहितो आहे? मध्यंतरी एका महोत्सवाच्या आयोजकांनी आमच्याकडच्या एका दशावतारी मंडळाकडे संहिता मागितली. लिखित, वेळेसकट, दोन तासांची. हेतू वाईट नसेल, कार्यक्रम वेळेत संपायला हवा. पण मंडळींनी ती लिहिली, पाठ केली आणि रंगमंचावर माना खाली घालून म्हणून दाखवली. जे नट रात्रभर एकमेकांना कोंडीत पकडतात, ते त्या दिवशी वर्गातल्या पोरांसारखे उभे होते. नेमके हेच आपण घरीदारी करतो आहोत. वक्तृत्वाची भाषणे पालक लिहून देतात, मुलाखतीची उत्तरे क्लासवाले. मग आपणच म्हणतो, पोरांना चार वाक्ये स्वतःची बोलता येत नाहीत. येतील कुठून? दार उघडू दिले का कधी?

असो. इच्छापोरचे सांगायचे राहिले. माझा निवाडा ऐकून भाचा फुगला. पण रविवारी पोरे परत बसली. भाचीने दार उघडले. दाराबाहेर काय आहे, ते वहीत नव्हते. तो दोन मिनिटे गप्प. मग वही मिटून म्हणाला, "बाहेर पाऊस पडतोय. तो पळतोय, पण लंगडतोय. तू काय करतेस?"

बहीण आतून ओरडत होती, अरे जेवायला या. कोणी हलले नाही.